मंगळवार-शुक्रवारची खुर्ची

बिबवेवाडी, पुणे ३७
२५ फेब्रुवारी

प्रिय आमू,

सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं अक्षर बघून तू बुचकळ्यात पडशील. मी आजवर तुला एकही पत्र लिहिलेलं नाही. नोकरी लागून धारणीला जाईपर्यंत तू घरातच होतीस आणि गेल्यावर फोन होता. घरी सगळं ठीक आहे असं लिहून पत्र सुरू करायची पद्धत आहे. मीही तेच लिहितो, आणि ते खरं आहे. फक्त ते ठीक कसं झालं हे सांगायला चार-पाच पानं लागतील. तेव्हा दवाखान्यात पेशंटची रांग उभी असेल तर हे पत्र खिशात ठेव आणि रांग संपल्यावर वाच.

मार्केट यार्डातल्या दाताच्या कमिटीचं तुला फोनवर तुकड्या-तुकड्यांनी ऐकायला मिळालंय. आज सुरुवातीपासून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलंय. आमच्या हमाल टोळीतला हिंदुराव तुला आठवत असेल, वेल्ह्याकडचा, उंचापुरा. तू चौथीत असताना तुला खांद्यावर बसवून भाजी विभागातून फिरवायचा तो. गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला त्याची खालची दाढ दुखायला लागली. आमचं काम पहाटे सुरू होतं आणि बाराला आटपतं. हातपाय धुऊन तो सरकारी दवाखान्यात पोचला तोवर केसपेपरची खिडकी बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं खाडा केला आणि सकाळीच गेला. केसपेपर मिळाला, मग फोटो काढायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं, तिथं रांग होती, आणि फोटो घेऊन परत येईपर्यंत डॉक्टरांची वेळ संपली होती. त्याला उद्या या म्हणून सांगितलं. तो तिसऱ्या दिवशी गेलाच नाही. टोळीतला एक माणूस कमी झाला की त्याच्या वाट्याच्या गोण्या बाकीच्यांच्या पाठीवर येतात, आणि हिंदुरावला त्याची लाज वाटायची. त्यानं मेडिकलमधून गोळ्या आणल्या. आठव्या दिवशी तो कांद्याच्या थप्पीला टेकून खाली बसला तो उठेना. जबड्यापासून गळ्यापर्यंत सूज होती, थुंकी गिळता येत नव्हती, शब्द फुटत नव्हता.

मी त्याला रिक्षात घातलं आणि बिबवेवाडीत दाताच्या डॉक्टरची पहिली उघडी पाटी दिसली तिथं उतरवलं. ती पाटी डॉक्टर उल्काबाईंची. साठीच्या, मूळच्या सदाशिव पेठेतल्या, आवाज मोजका आणि करडा. त्यांनी हिंदुरावचं तोंड उघडून बघितलंच नाही. मानेला हात लावला, तो श्वास कसा घेतोय ते दोन क्षण बघितलं, आणि खुर्चीतल्या पेशंटबाईंना तसंच बसवून आपली गाडी काढली. मोठ्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर श्वास कोंडला असता. मानेवर चीर देऊन पू काढला, नळ्या घातल्या, अठरा दिवस ठेवून घेतलं. हिंदुराव वाचला. एका दाढेपायी. तुला हे सगळं शास्त्रातून माहीत असेल, मला ते त्या दिवशी रिक्षात कळलं.

चार दिवसांनी मी पिशवीभर भाजी घेऊन बाईंचे आभार मानायला गेलो. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "आभार राहू द्या. असे दात घेऊन हिंडणारे तुमच्याकडे अजून किती आहेत, ते सांगा." मी म्हटलं, माणसं चारशेच्या वर आहेत, दातांचं ठाऊक नाही. "मग विचारून या," म्हणाल्या. "दात दुखल्यावर येता तुम्ही, आणि तेसुद्धा मान सुजल्यावर. मला त्याआधीचे हवेत." भाजीची पिशवी मात्र जाताना त्यांनी परत दिली नाही.

मी एकट्यानं विचारत फिरलो असतो तर फक्त पुरुष सापडले असते. म्हणून मुक्ताईला बरोबर घेतलं. मुक्ताई म्हणजे कांदा-बटाटा निवडणाऱ्या बायकांची पुढारी. तिला पद वगैरे काही नाही, पण ती उठली की बाकीच्या उठतात. आठवडाभर आम्ही गाळ्यागाळ्यांतून विचारत फिरलो. चार माणसांमागे एकाला तरी काहीतरी दुखत होतं. कुणी एका बाजूनं जेवत होतं, कुणी वर्षभर भाकरी चहात बुडवून खात होतं. एका बाईनं हलणारा दात दोऱ्यानं स्वतःच काढला होता. डॉक्टर नाहीत असं नव्हतं, आमू. बिबवेवाडीत दहा पावलांवर एक पाटी आहे. सरकारी दवाखाना आहे, तू शिकलीस ते दाताचं कॉलेजही लांब नाही. पण आमची सुट्टी आणि त्यांची दारं यांची गाठ पडत नव्हती. आम्ही मोकळे व्हायचो तेव्हा तिकडं कुलूप, आणि तिकडं उघडं असायचं तेव्हा आमच्या पाठीवर गोणी.

मग मी तुझ्या कॉलेजात गेलो. तू पाच वर्षं तिथं शिकलीस, पण मी त्या फाटकातून आत असा कधी गेलो नव्हतो. प्राचार्यबाईंनी नाव विचारलं आणि लगेच म्हणाल्या, "आम्रपालीचे वडील ना? तिनं मार्केट यार्डातून चौदा पेशंट आणले होते. माझ्या लक्षात आहे, त्या वर्षी पेशंटांचा कोटा सगळ्यात आधी तिचा पूर्ण झाला." मी हो म्हटलं. त्या चौदांमध्ये मी नव्हतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, मला होतं. ते मी पुढं लिहिणार आहे. त्यांच्याकडून मला एक गोष्ट समजली. दुपारी एकनंतर त्यांच्या अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि पोरं पेशंट शोधत फिरतात. आमच्याकडं दुपारी एकनंतर माणसंच माणसं. मी टोळीच्या कामाचं वेळापत्रक एका कागदावर लिहून नेलं होतं, तो कागद त्यांनी ठेवून घेतला.

पहिली बैठक कांद्याचे आडते बद्रीनाथशेठ यांच्या गाळ्यात झाली. प्राचार्यबाई, उल्काबाई, शेठ, मुक्ताई आणि मी. पाच जण आणि पाच तऱ्हा. शेठना मोठं शिबिर हवं होतं, मांडव, फलक, पाहुणे, एका दिवसात पाचशे तपासण्या. प्राचार्यबाईंचं म्हणणं, आम्ही बस पाठवतो, माणसं कॉलेजात आणा. उल्काबाईंना सगळ्यांच्या तोंडाची नीट नोंद पाहिजे होती. सगळे आपापलं बोलून झाल्यावर मुक्ताई म्हणाली, "शिबिर झालं की डाक्टर जात्यात, दात हितंच ऱ्हात्यात. आन बायका पुरुषांच्या रांगेत त्वांड उघडून बसायच्या न्हाईत. मिश्री लावून दात काळं झाल्यात, लाज वाटती." उल्काबाई म्हणाल्या, "हे पहिलं वाक्य लिहून घ्या, तात्याराव. बाकीचं मिटवायला सोपं आहे."

बैठकीतून निघालं ते असं. शिबिर नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी एक ते चार, यार्डातच. मंगळवार बायकांचा, शुक्रवार पुरुषांचा. कॉलेजनं विद्यार्थी आणि हलवता येणारी खुर्ची द्यायची, शेठनी गाळ्याची मागची खोली, उल्काबाई आणि त्यांच्या ओळखीच्या तीन डॉक्टरांनी आळीपाळीनं उभं राहायचं, आम्ही माणसं आणायची. जे तिथं होणार नाही त्यासाठी कॉलेजच्या दुपारच्या खुर्च्या, चिठ्ठी घेऊन गेलं की थेट आत. नाव काय ठेवायचं यावर वेळ गेला. मी आघाडी म्हटलं तर दोन हमालांनी विचारलं, तिकीट कुणाला. शेवटी प्राचार्यबाईंनी मौखिक आरोग्य समन्वय समिती असं नाव ठेवलं. ते फक्त फलकावर आहे. तोंडात सगळ्यांच्या दाताची कमिटीच. मी तिचा चिटणीस.

जुलैत सुरू झालं आणि दिवाळीपर्यंत छान चाललं. पहिल्या मंगळवारी सहा बायका आल्या, चौथ्या मंगळवारी खोलीत मावेनात. मुक्ताई दारात उभी राहून कुणी आधी आलं ते बघायची आणि तिच्याशी कुणी वाद घालत नव्हतं. मग नवा लाल कांदा यायला लागला. शेठनी निरोप धाडला की हंगामापुरती खोली लागेल, माल कुठं ठेवू. त्यांचंही खोटं नव्हतं, ट्रक रस्त्यावर उभे होते. पण खोली गेली असती तर कॉलेजनं पोरांना दुसरीकडं नेमलं असतं, आणि एकदा मोडलेली गोष्ट पुन्हा उभी राहत नाही, हे मी युनियनमध्ये तीस वर्षं बघितलंय. उल्काबाई म्हणाल्या, मी शेठशी बोलते. मी म्हटलं, बोलू नका, त्यांना अडवून आपल्याला पुढची वर्षं काढायची आहेत. आमच्या विश्रांतीगृहाचा वरचा हॉल आहे. अडचण एवढीच की जिना अरुंद आणि वर पाणी नाही.

त्या शुक्रवारी बाराच्या ठोक्याला टोळी आली. हिंदुराव पुढं. मानेवरचा व्रण दाखवायला त्यानं मुद्दाम कॉलर उघडी ठेवली होती की काय कोण जाणे. क्विंटलभर वजन पाठीवर घेणाऱ्यांना ती खुर्ची काय. पण उल्काबाई मागून जिना चढत होत्या आणि सारख्या सांगत होत्या, "सावकाश. कांद्याची गोणी नाही ती. आपटली तर निवडून वेगळी काढता येणार नाही." पोरं हसून हसून थकली, मधल्या वळणावर खुर्ची टेकवून पुन्हा हसली. संध्याकाळी बद्रीनाथशेठ स्वतः वर आले, हॉल बघितला, खालून पाणी भरून आणलेल्या बादल्या बघितल्या, आणि निघून गेले. सोमवारी त्यांचा प्लंबर हजर. आता वर नळ आहे, बेसिन आहे, आणि शेठ येऊन अधूनमधून बेसिन स्वच्छ आहे का ते तपासून जातात.

आतापर्यंत सव्वातीनशे जणांचं काही ना काही काम झालं. कामावर असताना गोळी खाऊन बसणारा माणूस हल्ली दिसत नाही. येरवड्याच्या वस्तीतल्या बायका दोनदा बघायला आल्या, मुक्ताईनं त्यांना सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाली, कागदपत्रं तात्याकडून घ्या, पण बायकांचा वार वेगळा ठेवा. पुढच्या महिन्यापासून त्यांचंही सुरू होतंय. हे एवढं सविस्तर मी बढाई मारायला लिहीत नाही. थोडी बढाई आहे, ती असू दे.

एक गोष्ट मात्र जमत नव्हती. दुखणारे यायचे, दाखवायला कुणी यायचं नाही. तंबाखूवाल्यांनी दर सहा महिन्यांनी नुसतं तोंड दाखवून जायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. बायका मिश्री लावतात तरी आल्या. पुरुष येईनात. दुखत नाही तर बघायचं काय, असं म्हणायचे. उल्काबाईंनी तोड काढली. म्हणाल्या, चिटणीस पहिल्यांदा खुर्चीत बसू दे, सगळ्यांसमोर, मग बाकीचे बसतील. मी होय म्हटलं. पहिल्या शुक्रवारी मला युनियनचं काम निघालं. दुसऱ्या शुक्रवारी पाठ धरली. तिसऱ्या शुक्रवारी मी पेशंटांना खालून वर पाठवत बसलो आणि स्वतः वर गेलोच नाही.

आता ते लिहितो, जे तुला बारा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

तू तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेजातून आलीस आणि मला म्हणालीस, तात्या, मला पेशंट लागतात, तुम्ही या. मी म्हटलं, माझे दात चांगले आहेत, तुला चांगली गिऱ्हाइकं देतो. आणि चौदा माणसं पाठवली, एकेकाला मी स्वतः पटवून. तुला वाटलं बापाला लेकीसमोर तोंड उघडायला संकोच वाटतोय. आईलाही तू तसंच सांगितलंस आणि दोघी हसलात. मी तुम्हाला हसू दिलं. आमू, त्याच्या आदल्या वर्षी मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून तंबाखू सोडली होती. चाळीस दिवस सोडलीही होती. मग कांद्याचा हंगाम आला. पहाटेची थंडी, पोटात काही नाही, आणि समोर ट्रक. एक चिमूट चुन्याबरोबर मळून गालात ठेवली की भूक मरते आणि झोप उडते. कुणाला त्याचं कौतुक सांगावं अशी गोष्ट नाही, पण ते खरं आहे. पुढं मुकादम झालो, ओझं उचलायचं थांबलं, तरी चिमूट थांबली नाही. पुडी मी वजनकाट्याच्या मागं ठेवायचो. घरी येताना दोनदा चूळ भरायचो आणि बडीशेप खायचो. तू माझं तोंड उघडून बघितलं असतंस तर तुला एका नजरेत कळलं असतं. म्हणून मी आलो नाही. आणि हे कमी म्हणून की काय, माझी मुलगी दाताची डॉक्टर आहे असं सांगत मी युनियनच्या फळ्यावर दर महिन्याला तंबाखूविरुद्ध चार ओळी लिहायचो. पोरं ऐकायची. काहींनी माझं ऐकून सोडलीसुद्धा.

जानेवारीत एका शुक्रवारी काम आटपल्यावर आम्ही मिसळ मागवली. मी माझी हिंदुरावला दिली आणि चहात पाव बुडवून खात बसलो. उल्काबाईंचं लक्ष होतं. सगळे जिना उतरून गेले तेव्हा त्यांनी दार लोटलं आणि म्हणाल्या, "तात्याराव, तिखट कधीपासून बंद?" मी म्हटलं, पित्त आहे. "बसा," म्हणाल्या. मी बसलो. इतके दिवस त्या खुर्चीत मी शेकडो माणसं बसवली होती. स्वतः बसल्यावर वरचा दिवा डोळ्यांत किती येतो ते समजलं. त्यांनी जीभ धरून उजवीकडं ओढली आणि डावी कड बोटानं चाचपली. मग विचारलं, तंबाखू किती वर्षं. मी म्हटलं, सोडली, बारा-तेरा वर्षं झाली. त्यांनी हातातला आरसा खाली ठेवला. "मी पोलीस नाही आणि तुमची मुलगीही नाही. मला खरा आकडा लागतो, उपचारासाठी." तेव्हा मी खरं सांगितलं. जे तुला नाही, तुझ्या आईला नाही, ते त्या परक्या बाईंना. त्या रागावल्या नाहीत. जिभेच्या डाव्या कडेला पांढरा चट्टा होता आणि त्याच्यामध्ये न भरलेली जखम. मला ती चार महिन्यांपासून माहीत होती.

सोमवारी तुझ्या कॉलेजात गेलो. तपासणीसाठी तुकडा काढायचा होता. सरांच्या हाताखाली शेवटच्या वर्षाची एक मुलगी होती, तनया. सरांनी तिला मदतीला उभं केलं. तिनं मला दोनदा विचारलं, काका, दुखतंय का. मी मान हलवून नाही म्हटलं. दुखत नव्हतंच, सुई दिली होती. पण डोळ्यांतून पाणी आलं आणि ती घाबरली. तिला वाटलं तिचं काही चुकलं. मी तिला कसं सांगणार की याच खोलीत, अशाच पांढऱ्या कोटात माझी मुलगी वाट बघत होती आणि मी चौदा माणसं पाठवून स्वतः घरी बसलो होतो. तुला जे तोंड दाखवायला हवं होतं ते मी तिला दाखवून आलो. निघताना तिला म्हटलं, बाळ, तुझा हात चांगला आहे. तेवढंच जमलं.

रिपोर्ट आला. तो कसा असेल ते तू इथवर येईपर्यंत ओळखलं असशील. कॅन्सर होता, पण लहान, सुरुवातीचा. तीन फेब्रुवारीला ऑपरेशन झालं. जिभेच्या डाव्या कडेचा थोडा भाग काढला आणि मानेतल्या गाठी तपासायला काढल्या. दहा दिवस नाकातून नळी होती, आता मऊ भात आणि पेज तोंडानं खातो. गेल्या आठवड्यात शेवटचा रिपोर्ट आला. कडा स्वच्छ, गाठी स्वच्छ, रेडिएशनचा शेक द्यायची गरज नाही, दर महिन्याला दाखवायला जायचं. सगळे कागद आईनं फाइलमध्ये लावलेत, फोटो काढून तुला पाठवतो, तू स्वतः वाच आणि खात्री करून घे. हिंदुराव रोज येतो, उशाशी बसतो आणि यार्डातल्या बातम्या सांगतो. मुक्ताईनं नाचणीचं सत्त्व पाठवलं. बद्रीनाथशेठ आले होते, बेसिनच्या नळाबद्दल बोलून गेले. तुझी आई म्हणते, चाळीस वर्षांत पहिल्यांदा घरात शांतता आहे. हे ती हसून म्हणते. पहिल्या रात्री हसत नव्हती.

तू चिडशील. गेले तीन आठवडे तू फोन करतेस, आई उचलते आणि मी कमिटीच्या बैठकीत असल्याचं सांगते, आणि मी तुला मेसेजवर दोन ओळी टाकतो. मला बोलताच येत नव्हतं, आणि आता येतंय तर ते असं येतंय की तू दुसऱ्या शब्दाला ओळखलं असतंस. तू सगळं टाकून रातोरात निघाली असतीस. तिकडं तुझ्या खुर्चीपुढं जी माणसं दोन डोंगर उतरून येतात, त्यांना तू नसल्यावर दुसरं दार नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. हे कारण अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं हे की तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायची माझी तयारी नव्हती. चीड, हक्कानं चीड. फक्त स्वतःला दोष देऊ नकोस, की मी डॉक्टर असून मला दिसलं नाही. मी तुला दिसू दिलं नाही.

आणि आता हे पत्र आजच का, ते सांगतो. आठ मार्चला शनिवार आहे, बाजाराला सुट्टी, आणि वरच्या हॉलमध्ये चारशे हमालांची सभा ठेवली आहे. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे की फळ्यावर लिहिणारा चिटणीस काट्यामागं पुडी ठेवत होता, तीन शुक्रवार पळाला, आणि चौथ्यांदा बसला म्हणून वाचला. उल्काबाई म्हणाल्या, एवढं उघडं करायची गरज नाही, नुसतं तपासून घ्या म्हणा. मी म्हटलं, नुसतं मी दहा वर्षं म्हणतोय. माझं बोलणं अजून मागच्या रांगेपर्यंत समजणार नाही, म्हणून मी लिहून काढलंय आणि तुझ्या आईला वाचायला सांगितलं. तिनं कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "बारा वर्षं तुमच्या शर्टांचा तंबाखूचा वास मीच धुतेय. मला काय नवीन सांगता. पण चारशे माणसांच्या आधी आमूला कळलं पाहिजे. तिला तुमच्या हातानं कळवा, मगच मी हे वाचेन." तेव्हा हे कळवलं. उद्या सकाळी स्वतः चालत जाऊन स्पीड पोस्टानं टाकतो, सभेच्या आधी तुला मिळेल. मिळालं की फोन कर. 'स' आणि 'र' अजून नीट येत नाहीत, तुला दोनदा विचारावं लागेल. पण या वेळी फोन मीच उचलेन.

तुझाच,
तात्या